पाऊण घातलास का?

आमच्या युक्लाच्या पट्ट्यात कुणी वेळ सांगितली की ऐकणारा आधी विचारतो, "पाऊण घातलास का?" पर्थच्या घड्याळापेक्षा आम्ही पाऊण तास पुढे असतो. सरकारने ही वेळ कधी कागदावर मानली नाही, पण आमच्या भिंतींवरच्या घड्याळांनी मानली आणि आम्हाला तेवढं पुरलं. बाहेरून येणारी वेळ पर्थची असते, तिच्यात पाऊण घालायचा आणि मग कामाला लागायचं. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. डेल्मा प्रूइट तर इथेच जन्मली.

डेल्मा हमरस्त्यावरच्या आमच्या रोडहाऊसचं स्वयंपाकघर चालवते. ट्रकवाले तिच्या मटण भरून भाजलेल्या पाईसाठी थांबतात आणि तिची बोलणी फुकटात खाऊन जातात. मी इथेच बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा ट्रक चालवतो, त्यामुळे ती बोलणी मला दिवसातून तीनदा मिळतात. तिचा नवरा मर्व. वीज बनवणाऱ्या इंजिनांची देखभाल हे त्याचं काम, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. कोठीच्या खोलीत, फ्रीझरच्या मागे त्याने एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि त्यावर आमच्या पट्ट्याचं कॅलेंडर सुरू केलं. कुठल्या कंपनीचं नाही, आमचं स्वतःचं. पाण्याचा टँकर कधी, रुग्णवाहिकेवर पाळी कुणाची, डॉक्टरांचं विमान कधी, गोल्फ कधी, हे शंभर मैलांतली माणसं फोनवर उघडून बघतात. त्या जुन्या प्रोग्रॅमला आमची वेळ माहीतच नव्हती. मर्वने ते पर्थच्या वेळेवर ठेवलं आणि आम्ही वाचताना पाऊण घालत राहिलो.

मग मर्वचे डोळे गेले. म्हणजे आधी एक गेला. दुसऱ्याने दिसायचं, पण अक्षरं नाहीत. कॅलेंडर डेल्माकडे आलं. तिला ते आवडायचं नाही, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

एका सकाळी टँकरची वेळ बघायला मी फोन उघडला, तर टँकरच्या जागी जुगाराची जाहिरात. रुग्णवाहिकेच्या पाळीवर तोकड्या कपड्यांतली एक बाई हसत होती. मी तसाच फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. डेल्माने बघितलं आणि तिच्या हातातलं उलथणं तव्यावर तसंच राहिलं, कांदा जळेपर्यंत.

"मर्व," ती म्हणाली, "आपल्या कॅलेंडरमध्ये कुणीतरी घुसलंय."

"घुसणारच. कधीपासून सांगतोय, नवी आवृत्ती घाल म्हणून. जुनीला भोकं पडलीयत."

"कधी सांगितलंस?"

"मनात सांगत होतो."

"मनातलं ऐकायला मी काय तुझी आई आहे?"

दुपारी ताटं आवरल्यावर दोघं कोठीत बसली. मर्व फ्रीझरला पाठ टेकून खुर्चीवर, डेल्मा कॉम्प्युटरसमोर, आणि दारात मी, कारण मला मजा बघायची होती. ती बघायला मिळाली नाही. म्हातारा एकदम मास्तर झाला.

"आधी नक्कल काढ. सगळ्या नोंदींची, सेटिंगचीही."

"काढली."

"उघडून बघितलीस?"

"काढली म्हटलं ना."

"न उघडलेली नक्कल म्हणजे झाकण न काढलेलं डबडं. आत जॅम आहे की किडे, कुणाला ठाऊक? माझ्या लॅपटॉपवर उघड."

तिने शिव्या देत उघडली. जुगारवाल्याची घाण वेचून काढली. मर्वने तिला नवा प्रोग्रॅम जुन्यावर टाकू दिला नाही. "जुन्यावर नवं ओतलंस तर चोर आतच राहील, नुसतं दार नवं होईल. वेगळ्या जागी मांड. जुन्या फोल्डरचं नाव बदल आणि राहू दे बाजूला, पुसू नकोस. पासवर्ड सगळे बदल." हे सगळं आधी लॅपटॉपवर करून बघायला लावलं, दोन दिवस चालवून बघितलं, आणि मगच खऱ्या कॉम्प्युटरला हात लावू दिला. माझ्या ट्रकच्या ब्रेकची एवढी काळजी मी कधी घेतलेली नाही.

नव्या प्रोग्रॅमने विचारलं, तुमची वेळ कुठली? डेल्मा यादी वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"मर्व. यात आपण आहोत."

"आपण म्हणजे?"

"आपली वेळ. युक्ला. पाऊण तासासकट."

मर्व खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "परत वाच." तिने परत वाचलं. जगातल्या कुणीतरी आमचा पाऊण तास लिहून ठेवला होता, हे ऐकून म्हाताऱ्याच्या त्या निकामी डोळ्यातूनही पाणी आलं. मलाही कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून कॅलेंडर स्वतःच पाऊण घालून दाखवायला लागलं आणि डेल्माने पट्ट्यात धुमाकूळ घातला. "आता पाऊण घालायचा नाही," असं तिने फोन करकरून सांगितलं. टँकरवाला उशिरा आला तर त्याला पाई दिली नाही. मी गोल्फला पाऊण तास उशिरा पोचलो, तर चारचौघांत म्हणाली, "टॅस, कॉम्प्युटर नवा केला, आता तुझ्या डोक्यातही नवी आवृत्ती घालावी लागणार." लोक हसले. हळूहळू सगळ्यांना सवय झाली.

त्यानंतर मर्वच्या चांगल्या डोळ्यात काळा पडदा उतरायला लागला. डोळ्यामागचा पडदा सुटतोय, पर्थला ताबडतोब शस्त्रक्रिया हवी, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी युक्लाच्या धावपट्टीवर येणाऱ्या डॉक्टरांच्या विमानात त्याला जागा दिली. संध्याकाळी टेबलावर घ्यायचं ठरलं. डेल्माने स्वतः ती नोंद कॅलेंडरमध्ये घातली.

त्या दिवशी मी युक्लाच्या घाटातून एक कॅरॅव्हॅन ओढून आणत होतो. घाटमाथ्यावर, जिथून खाली समुद्र दिसतो, तिथे प्रूइटांची गाडी उभी दिसली. मी थांबलो. दोघं बॉनेटला टेकून सँडविच खात होती.

"इथे काय करताय? विमान कधी आहे?"

"साडेअकरा," डेल्मा म्हणाली. "भरपूर वेळ आहे. म्हातारा म्हणाला, समुद्र बघून जाऊ."

"बघतोय कुठला," मर्व म्हणाला. "ही सांगतेय, मी ऐकतोय. काय गं, लाटा आहेत का?"

"आहेत. पांढऱ्या. तुझ्या बनियनपेक्षा पांढऱ्या."

तेवढ्यात मर्वने मान वर केली. "विमान उतरलं."

"मालाचं असेल," डेल्मा म्हणाली. "आपलं साडेअकराला."

ती एवढ्या ठामपणे म्हणाली की मला दुसरं काही सुचलंच नाही. डेल्माने सांगितलेली वेळ आमच्या पट्ट्यात कुणी तपासत नाही. तिने मला अर्धं सँडविच दिलं. मटण तिखट होतं. मर्व विचारत होता की दूरवर जहाज दिसतंय का, आणि ती डोळ्यांवर हात धरून शोधत होती.

मग धावपट्टीकडून आवाज चढला आणि विमान आमच्या डोक्यावरून गेलं. पोटावर डॉक्टरांची लाल खूण होती. इतकं खालून गेलं की मला चाकं आत जाताना दिसली.

डेल्मा वर बघत राहिली. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. फोन काढला, सकाळी उघडलेलं कॅलेंडर वर आणलं आणि पडद्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी आजवर विसरलेलो नाही. त्याच्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

"काय लिहिलंय?" मर्वने विचारलं.

"पावणेअकरा."

"मग?"

"मी पाऊण घातला."

सगळ्या पट्ट्याला दम देणाऱ्या बाईने, स्वतःच्या हाताने लिहिलेली वेळ वाचली आणि मनातल्या मनात पाऊण घातला. सकाळी बॅग भरताना, मर्वचे बूट शोधताना, बटाटे उकळत ठेवताना. कळलंही नाही तिला.

विमानवाल्यांनी रोडहाऊसला फोन केला होता, हे मागाहून कळलं. स्वयंपाकघरातली मुलगी म्हणाली, ती दोघं केव्हाच निघाली, पोचतीलच. ते थोडे थांबले. पण आत स्ट्रेचरवर हृदयाचा झटका आलेला दुसरा माणूस होता, त्यांना जास्त थांबता येईना.

मी म्हटलं, घाटाबाहेर जाऊन फोन करू, परत बोलावू. डेल्माने ऐकलं नाही. तिने मर्वला गाडीत बसवलं, त्याचा पट्टा लावला आणि गाडी पर्थच्या दिशेने वळवली. घाटात फोन लागत नाही. ती पुढे कुठे थांबली, कधी झोपली, मला माहीत नाही. ती सांगत नाही.

शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. डेल्माने डॉक्टरला तोंडावर विचारलं, काल झाली असती तर? डॉक्टर तरुण होता, खोटं बोलायला शिकला नव्हता. म्हणाला, काल झाली असती तर पूर्वीइतकं दिसलं असतं बहुतेक.

मर्वला आता उजेड कळतो. खिडकी कुठे आहे तेवढं कळतं.

परत आल्यावर डेल्माने पहिलं काम काय करावं? ती थेट कोठीत गेली. मी मागे गेलो. "जुनं फोल्डर आहे अजून," ती म्हणाली. "तेच परत चालू करते. त्यात आम्ही चुकत नव्हतो." मर्व भिंत चाचपत दारापर्यंत आला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "ते बरोबर चाललंय."

"ते बरोबर चाललंय म्हणून तर तुझा डोळा गेला, मर्व."

"पाऊण माझ्याही डोक्यात आहे. मी वाचलं असतं तर मीही घातला असता. टॅस, जाड पेन दे."

मी पेन आणि कागद दिला. त्याने कागद कॉम्प्युटरच्या वरती भिंतीला लावून धरायला सांगितलं आणि एका हाताने कडा शोधत लिहायला लागला. 'पाऊण घालू' एवढं कागदावर मावलं. 'नको' हा शब्द बाहेर भिंतीवर गेला.

कागद पुढे वाफेने गळून पडला. डेल्मा कोठीच्या भिंती दर सोमवारी पुसते. त्या एका शब्दाभोवती फडकं फिरवते आणि शब्द तेवढा ठेवते.