शाल, श्रीफळ आणि राहिलेलं भाषण

लिओना टॅलमनबाईंना भाषणांचा वीट आला होता. फेब्रुवारी हा अमेरिकेत काळ्यांच्या इतिहासाचा महिना; दर फेब्रुवारीत कुठलीतरी शाळा, कुठलंतरी चर्च बाईंना त्यांच्या काळ्या लोकांच्या इतिहासावर बोलायला बोलावणार, केक खाऊ घालणार आणि वर्षभर विसरून जाणार. जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी यंदा सगळ्यांना नकार दिला. होकार दिला तो फक्त शेजारच्या वल्लरीला.

कारण त्यांच्या श्रूजबरी गावातल्या मराठी मंडळात जो तो शिकलेला. दगड मारावा तर तो पीएच.डी.लाच लागायचा. बाईंना बोलायचं होतं ते अशाच लोकांशी. त्यांचे पणजोबा अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात शाळामास्तर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूठभर शिकलेले काळे लोक, वकील, डॉक्टर, संपादक, एकत्र आले आणि म्हणाले, मत हवं, बरोबरीचा कायदा हवा, आणि आत्ता हवा. पणजोबाही त्यांच्यात गेले. परत आले तर नोकरी गेलेली. पुढे उरलेलं आयुष्य त्यांनी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात काढलं. शिकलेल्या माणसाकडे गमावण्यासारखं असतं, म्हणून तो गप्प बसतो. तुम्ही कुणासाठी बोलणार? बाईंना एवढंच विचारायचं होतं, आणि ते या वयात शेवटचंच.

संक्रांतीचा कार्यक्रम मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे तासभर उशिरा सुरू झाला. पोरांचे नाच झाले, माइक बिघडला, दुरुस्त झाला आणि दुर्दैवानं अध्यक्षांच्या हाती लागला. बाई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या. पाठ भरून आली होती. मसालेभाताचा वास आला तशा मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या.

सेक्रेटरी गुरुनाथ वल्लरीपाशी वाकला. "त्यांचं स्पीच स्किप करू या यार. हॉल रिकामा करायचाय."

"अरे, त्या त्यासाठीच आल्यात!"

"मस्त सत्कार करतो ना! आधी पोटोबा, मग विठोबा."

वल्लरी कमिटीत नवीन. पहिल्याच वर्षी कशाला वाकड्यात शिरा, म्हणून तिनं पुढे ताणलं नाही.

कुणाच्या मनात खोट नव्हती, हेही सांगायला हवं. आपल्याकडे मोठ्या माणसाला शाल पांघरली, हाती नारळ दिला की आपण त्याचं ऋण फेडलं असं वाटतं. त्याचं ऐकायचं राहिलं तरी चालतं. बाईंना स्टेजवर नेलं, भरजरी काठाची शाल पांघरली. टाळ्या थांबल्यावर बाईंनी माइकसमोर घसा साफ केला. गुरुनाथनं हसत माइक उचलला आणि सांगितलं, "चला, जेवायची लाइन करा!"

बाई नारळ धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना फार थकल्यासारखं झालं.

परतताना गाडीत वल्लरी रडवेली झाली होती. "सॉरी, मिसेस टॅलमन. पुढच्या वर्षी तुम्हाला पहिला स्लॉट, प्रॉमिस."

"पोरी, मी ब्याऐंशी वर्षांची आहे."

वल्लरीनं गाडी कडेला घेतली. "मग आत्ता सांगा. मी ऐकते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोर गुणाची होती, जीव लावणारी होती. म्हणूनच विचारताना त्यांना वाईट वाटलं.

"त्यानं माइक उचलला, तेव्हा तू का उठली नाहीस?"

"मी कमिटीत नवीन..." वल्लरीनं सुरुवात केली आणि वाक्य तिथंच सोडलं.

"चल, घरी सोड," त्या म्हणाल्या. "दमले मी."