दोन झाकणांचं पत्रक

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील शेतमजुरांच्या संघटनेचे. मजकूर ते लिहायचे, घड्या मी घालायची. वाचणाऱ्याला कळत नाही ते छापणं म्हणजे कागदाची नासाडी, हे मी तिथंच शिकले. म्हणून वाशिमला शेती-औषधांच्या एका कंपनीत लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांशी भांडले.

माझं काम इंग्रजी माहितीपत्रकाचं भाषांतर टाइप करणं, एवढंच. तणनाशकाचं प्रमाण त्यात मिलिलिटरमध्ये होतं. आमच्याकडे फवारणारा विचारतो, "एका पंपाले किती झाकनं?" मी हट्टानं लिहिलं: पंधरा लिटरच्या पंपाला दोन झाकणं. ती ओळ दुकानदारांना इतकी आवडली की पुढची सगळी पत्रकं मीच लिहू लागले. मला त्याचा फार अभिमान होता.

यंदा जुलैत धनजहून तक्रार आली. फवारणीनंतर एका बाईंचं सोयाबीन करपलं होतं.

"जास्त टाकलं असेल त्यांनी," साहेब म्हणाले. "तसा अहवाल द्या."

"पाहिल्याशिवाय नाही लिहिणार," मी म्हणाले आणि धनजची जीप पकडली.

बाई पन्नाशीच्या. त्यांनी घडी घातलेलं पत्रक माझ्यापुढं धरलं. "वाचूनच टाकलं. मोजून दोन झाकनं. कोनं लिहिलं हे?"

"मी."

"मंग तूच सांग काय चुकलं."

मी बाटली मागून घेतली. ती नव्या घडणीची होती, तोंडाला रुंद. बाईंनी नातवाच्या खोकल्याच्या औषधाचं माप आणलं. झाकणभर पाणी त्यात ओतलं. जुनं झाकण किती मिलिलिटरचं, ते मला पाठ होतं. हे त्याच्या जवळजवळ दीडपट निघालं. कारखान्यानं बाटली बदलली, मला कळवलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

"हे माप आता फेकाच लागते," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. "सोयाबीनची येळ गेली. तूर जमते अजून. आठ दिवसांत कंपनीनं बी देलं तं देलं, नाई तं वावर पडीक."

अहवालात मी लिहिलं: शेतकरी बाईंनी सूचना तंतोतंत पाळल्या. त्यांना आठ दिवसांत तुरीचं बियाणं द्यावं. चूक पत्रकाची आहे आणि पत्रक माझं आहे.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "ही सही तुमची नोकरी खाईल."

"खाऊ द्या. पण पाठवा."

चार दिवस मला कुणी काम दिलं नाही. पाचव्या दिवशी साहेब टेबलापाशी आले. "तुरीचं बियाणं निघालंय धनजला. त्याच गाडीत बसा. आणि नव्या बाटल्या जिथं जिथं गेल्यात, त्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगा. आता हेच तुमचं काम." आवाजात राग होता, पण बियाण्याच्या कागदावर सही त्यांचीच होती.

त्या आठवड्यात मी एक ओळही लिहिली नाही. शेलूबाजारपासून अनसिंगपर्यंत दुकानं पालथी घातली. पुढच्या आठवड्यात नव्या पत्रकाचा कच्चा मजकूर लिहिला आणि तो घेऊन पुन्हा धनजला गेले. तूर पेरून झाली होती. बाईंनी शेताच्या धुऱ्यावर बसून कागद हळूहळू वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"चष्मा लावून फवारा म्हणे. कोनापाशी हाय वो चष्मा?"

मी पेन काढलं आणि त्यांच्या शेजारी बसले.