भिंतीकडची ऊब

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा ठेवायला उठून जाते. शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत मी कॅलिब्रेशनला आहे. म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, ते तपासायचं. दिवसभर हेच केलं की माणूस जरा खडूस होतो. कुणी "मला वाटलं" म्हणालं की मी विचारते, "मोजलं का?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण आता लिहितेच.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं राहू. आई गेल्या पावसाळ्यात गेली. आप्पा, म्हणजे माझे वडील, एकटे उरले. थंडी सुरू झाली तसे ते गप्प होत गेले. हात लावला की दचकायला व्हायचं, इतकं अंग थंड. थर्मामीटर लावला तर चौऱ्याण्णव! मला वाटलं नीट बसला नसेल, म्हणून पुन्हा लावला. तेवढाच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ताप न्हाई ना? मग बरंय की." ताप चढला की अख्खी आळी काढे घेऊन येते, आणि इथे माणूस थंड पडत चाललाय तर सगळे निवांत.

केडगावच्या डॉक्टरांनी मात्र मनावर घेतलं. रक्त, शुगर, हृदय, थायरॉईड, सगळं तपासलं. थायरॉईड मंदावलेला निघाला. त्यात जेवण सुटलेलं, अंगावर मांस नाही, वय झालेलं. गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची, गुण यायला काही आठवडे लागतील, असं म्हणाले. तोवर कानटोपी, मोजे, एकावर एक कपडे आणि गरम खाणं. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवायची नाही. "आणि ताई, बोलणं अडखळलं, गुंगी आली, किंवा अंग थंड असूनही कापरं थांबलं, तर वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा."

मी आप्पांना शिक्रापूरला आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून त्यांचं तोंड आधीच पडलेलं. हीटर, ब्लँकेटं, सूप... माझी सगळी हुशारी पणाला लावली. तरीही थोड्याच दिवसांत, एका दुपारी बोलता बोलता त्यांचे शब्द जड झाले आणि डोळे मिटायला लागले. हायवेवर ट्रकच्या रांगेत आमची रिक्षा अडकली, तेव्हा त्यांना छातीशी धरून मी मोठमोठ्यानं रडत होते. आई गेली तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

वाचले. दवाखान्यात नीट शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले असतील?

"मला राहूला ने. हितं दोन्ही अंगांनी गार लागतंय."

"म्हंजी काय, आप्पा?"

"तिकडं एकाच अंगानं लागतं."

मला वाटलं, अजून गुंगी आहे. पण हट्टच धरला त्यांनी. डॉक्टरांनी सोडल्यावर मी रजा टाकली आणि तळेगाव ढमढेरेमार्गे त्यांना घेऊन राहूला गेले. साहेबांना विचारून कंपनीतली तापमान मोजायची गनही बरोबर घेतली. घरातल्या थर्मामीटरवर माझा विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ओट्यावर ऊन खात बसले होते. मी आतल्या खोलीत त्यांचं अंथरूण आवरत होते. तिथे आई-आप्पांचा जुना दिवाण आहे. आई भिंतीकडे झोपायची. चादर ओढताना त्या बाजूला हात पडला... आणि गादी गरम लागली. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. आप्पा झोपायचे ती बाजू गार पडलेली होती.

गन लावली. अठ्ठ्याण्णव. भिंत थंड, फरशी थंड. खोलीला खिडकी नाही, म्हणजे उन्हाचा प्रश्न नाही. मांजर नाही, वायर नाही. गादी उलटून पाहिली. चहा-नाश्ता उरकून तासाभरानं परत आले, तरी आकडा तोच. गरम झालेली गादी तासाभरात निवायला नको? मला भयंकर राग आला. गनबरोबर कंपनीतला एक साधा थर्मामीटरही आणला होता, तो ठेवून पाहिला. तोही तेच सांगत होता. मग हातानं चाचपत गेले, तर ऊब सगळीकडे नव्हती. उशीपासून खाली आणि मध्येच वाकलेली. आईची कंबर दुखायची म्हणून ती पाय पोटाशी घेऊन झोपायची.

कुणाला सांगितलं नाही.

पण त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. आप्पांना बघायचं, गादीला बघायचं, परत आप्पांना. दिवसांमागून दिवस आप्पांचा आकडा वर सरकत होता. भाकरी खायला लागले, पारावर जायला लागले. आणि भिंतीकडचा आकडा तसतसा खाली येत होता. हे लक्षात आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आप्पा जगावेत म्हणूनच तर मी आले होते. मग त्यांचा आकडा वाढला की मी गन घेऊन गादीकडे का धावत होते?

एकदा दुपारी फार वाटलं की आपण तिथे जरा पडावं. नुसतं क्षणभर. गुडघा टेकवलासुद्धा. मग उठले. होती तेवढी ऊब आप्पांना लागणार होती.

आता आप्पा ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणतात गोळी लागू पडली, जेवण सुधारलं. खरंय, मीही तेच मानते आणि गोळी चुकवू देत नाही. पण गोळी आप्पांच्या पोटात जात होती, गादीत नाही. गन परत नेल्यावर तीनदा तपासली. बिनचूक आहे.

माझी रजा संपली त्या सकाळी आप्पांना साडेसत्त्याण्णव होतं. भिंतीकडची बाजू खोलीइतकीच गार. मी दारात बॅग घेऊन उभी होते, आणि आप्पा दिवाणावर बसून त्या बाजूवरून हात फिरवत होते. मी त्यांना गादीबद्दल एका शब्दानं काही बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"रोज म्हणायचो तिला," ते म्हणाले, "थोडी तुला बी राहू दे. आयकलं न्हाई."