साडीशेजारचा चेहरा

“सीरे आणली का, अक्का?”

मैसुरात आमच्या मंडळाच्या नाटकाचं चित्रीकरण घेऊन विजयनगरमधल्या, चित्रांचे रंग दुरुस्त करून देणाऱ्या एका गृहस्थांच्या दुकानात गेलं, की हाच पहिला प्रश्न. सीरे म्हणजे साडी. रंगमंचावर नेसलेली, तीच. “बसा” वगैरे नंतर.

तुम्ही रंगमंचावरच्या रंगीत दिव्यांत स्वतःला पाहिलंय कधी? नाशिकहून इथे आल्यावर पहिल्याच नाटकात मी खाष्ट सासू झाले होते. चित्रीकरणात पाहते तर तोंड वांग्यासारखं जांभळं आणि नाकाखाली हिरवी सावली. घरचे पोट धरून हसले. दुकानातले ते मात्र हसले नाहीत. त्यांनी माझी मोरपंखी साडी संगणकाच्या पडद्याशेजारी पसरली, ट्यूबलाइट लावली आणि पडद्यावरची साडी तिच्याशी जुळवत बसले.

“साडी खरी झाली की तोंड खरं होते. निधान, निधान,” म्हणाले. म्हणजे सावकाश. संध्याकाळपर्यंत मी माणसात आले.

एकदा एका बाईंनी मुलीच्या नाचाची म्हणून चुकून जावेची साडी नेली, तशीच दिसणारी, पण जरा पिवळसर छटेची. साडी जुळली आणि अख्खा नाच पिवळा पडला. “सगळ्यांना कावीळ झाली, अल्वा?” म्हणजे हो ना, एवढंच बोलून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

काम संपलं तरी ते मला लवकर सोडत नसत. त्यांचं घराणं जुनं मराठी, पूर्वज मैसूरच्या सैन्यातले. पण बायको गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मी आपली बसून राहायची. त्यांचं एकटेपण मला बघवत नसे.

बायकोचं एकच चित्रीकरण त्यांच्याकडे होतं. उत्सवात ती गात होती, आणि चेहरा पार जांभळा. साडी मात्र नव्हती. ती सवाष्ण गेली म्हणून नात्यातल्या बायकांनी तिच्या साड्या आपसात वाटून घेतल्या होत्या.

“अंदाजानं करून टाका ना,” मी एकदा म्हटलं.

“नको, अक्का. दुसरीच कुणी झाली तर?”

शेवटी कृष्णराजनगरच्या मेहुणीकडे ती डाळिंबी साडी सापडली. मी दुकानात होते तेव्हाच मेहुणीचा मुलगा ती देऊन गेला. धुऊन धुऊन साडी पार विटली होती. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, ती पसरली आणि रंग जुळवायला घेतला.

जांभळा रंग गेला. चेहरा दिसू लागला, पण फिका, थकलेला, केस करडे. ते बघतच राहिले.

“बिडी,” म्हणाले, म्हणजे राहू द्या. “असू दे. माझ्यासंगं म्हातारी झाली.”

त्यानंतर त्यांनी त्या रंगाला हात लावला नाही. मागच्या वर्षी ते गेले.

यंदाही नाटक झालं. दुसऱ्या दिवशी मी साडीची घडी घातली, पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि दारापर्यंत जाऊन थांबले.