शैलेंद्रची तोफ आणि माझं कुंकू

इकडे परदेशात, टार्निटच्या आमच्या घराला दोन गाड्यांचं गराज आहे आणि दोन्ही गाड्या बारा महिने बाहेर उन्हात उभ्या असतात. कारण आत शैलेंद्रची लेथ मशीन आहे. शैलेंद्र म्हणजे माझा नवरा. दिवसभर पंपाच्या कारखान्यात लोखंड कापतो आणि घरी येऊन चहा घेतला की गराजमध्ये जाऊन पितळ कापतो. लोकांचे नवरे वीकेंडला बार्बेक्यू करतात, क्रिकेट बघतात. आमचा तोफा करतो.

हो, तोफा! हातभर लांबीच्या, पण खऱ्या. काळी पावडर ठासायची, बोराएवढी शिशाची गोळी सारायची, बत्ती द्यायची की बार. त्यासाठी रीतसर क्लब आहे, लायसन्स आहे, जमिनीला बोल्ट मारलेली लोखंडी तिजोरी आहे. पोलीस ती तिजोरी हलवून बघून गेले, त्यानंतर समोरची मिताली महिनाभर माझ्याशी फार जपून बोलत होती. आमची ऋतिका तर सरळ म्हणते, "डॅड, धिस इज सो एम्बॅरेसिंग." मी तोफेला सवत म्हणते. "झोपली का सवत? मग जेवायला या आता." तो नुसता हसतो. हा माणूस भांडतच नाही हो, हीच तर पंचाईत आहे. एकटीने किती भांडायचं?

पण ही शेवटची तोफ वेगळी होती. ती बाबांसाठी होती.

बाबा म्हणजे माझे सासरे. पुण्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. तोफेच्या गोळ्यांना लागणारे पितळी भाग कातायचे. किती हजार नग त्यांच्या हाताखालून गेले देव जाणे, पण त्यातला एकही उडताना त्यांनी ऐकला नाही. चाचण्या कुठेतरी लांब व्हायच्या. एकदा फोनवर सहज बोलून गेले, "आमचं काम म्हणजे काय रे, जन्मभर स्वयंपाक केला आणि पंगत काही बघितली नाही." दुसऱ्या दिवशी शैलेंद्र पितळेची जाड कांब घेऊन आला.

दोन वर्षं खपत होता. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना काम दाखवायचा आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनमध्ये डोकं घालायचे. "डाव्या बाजूला भिंत जाड वाटतेय." "फिनिश बरी आहे." बरी! 'चांगलं' हा शब्द बाबांच्या तोंडून ऐकायची वाट बघत शैलेंद्रची पंचेचाळिशी उलटली, पण तो काही आला नाही. मला राग यायचा. यालाच येत नव्हता.

यंदा बाबा दोन महिन्यांसाठी आले. एकोणऐंशी वय, हृदयाचं दुखणं. यानंतर एवढा लांबचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंगळवारचं परतीचं तिकीट होतं. क्लबचा तोफांचा दिवस महिन्यातून एकदा, तो आदल्याच रविवारी. नवी तोफ आधी क्लबने तपासायची, मग पहिला बार. म्हणजे बाबांना ती ऐकायला मिळाली तर त्या रविवारी, नाहीतर कधीच नाही.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, खंडेनवमी आली. अवजारांची पूजा मी दर वर्षी करते. लेथला, व्हर्नियरला, दोन्ही गाड्यांना, ऋतिकाच्या लॅपटॉपलासुद्धा हळदकुंकू लावते. तोफेला मात्र कधी बोट लावलं नव्हतं. यंदा बाबा पाटाशेजारी हात जोडून उभे होते आणि ती आपली चकचकीत होऊन मध्ये बसली होती. म्हटलं, सवत झाली तरी घरचीच ना! चांगलं ओलं कुंकू कालवलं, तोफेच्या पाठीवर अंगठ्याने दाबून लावलं, वर अक्षता चिकटवल्या. शैलेंद्र बघतच राहिला.

"तू तिला कुंकू लावलंस?"

"मग काय तुझ्या पंपांना लावू?" मी म्हटलं.

रविवारी तासाभरावरच्या क्लबच्या माळावर गेलो. तिथली प्रमुख ग्लेनिस. साठीची, शाळेची बस चालवून रिटायर झालेली, उंच, आवाज असा की लाउडस्पीकर नको. शैलेंद्रने टॉर्च टाकून नळीचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, दाखवला. तिने मापं घेतली, मान डोलावली. बाबा प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे घडीच्या खुर्चीत, कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ लावून, ताठ बसले होते. शैलेंद्रने सगळी तोफ फडक्याने पुसली, पण कुंकवाला फडकं लागू दिलं नाही. ते मी बघितलं आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

पावडर ठासली. कुंकवाच्या कडेने भोकात वात खोचून पेटवली. सुर्रर्र करत वात जळाली, जरासा धूर निघाला.

बस्स. पुढे काहीच नाही.

अशा वेळी अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही, असा नियम आहे. अर्धा तास आम्ही सगळे त्या एवढ्याशा तोफेकडे बघत उभे. बाबांनी मफ काढले नाहीत. मग आत पाणी ओतलं, भिजलेली पावडर आणि गोळी बाहेर ओढली. बत्तीच्या भोकात ग्लेनिसने बारीक तार घातली, ती अर्ध्यातच अडली. टोकरून टोकरून तिने तळहातावर काढलं, तर वाळून दगड झालेला लाल गोळा आणि त्यात एक तांदळाचा दाणा.

"राइस?" ग्लेनिस म्हणाली.

मी अंगठा नेमका त्या भोकावर दाबला होता.

"भरण्याआधी भोकात तार घातली नाहीस?" तिने शैलेंद्रला विचारलं. "तू तर कधी चुकत नाहीस."

"नाही घातली. माझी चूक."

"मग आज तुझा दिवस संपला, मेट."

तो "येस" म्हणाला आणि सामान आवरायला लागला. बाबांकडे त्याने बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तार घालायची तर कुंकू पुसायला लागणार, आणि मी पहिल्यांदा लावलेलं कुंकू त्याला पुसवलं नाही. एवढंच. दोन वर्षांची मेहनत, बापाची शेवटची संधी, सगळं त्या कुंकवापायी घालवून हा माणूस आपला डबे भरत होता.

चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, विचारा कुणालाही. पण मी दोरी ओलांडायच्या बेताने पुढे गेले आणि म्हटलं, "ग्लेनिस, तो तांदूळ माझा आहे." माझ्या मोडक्यातोडक्या घाईच्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. खंडेनवमी, सवत, कुंकू, मंगळवारचं विमान. सांगता सांगता रडू फुटलं. लाज वाटली, पण थांबले नाही.

ग्लेनिसने ऐकून घेतलं. बाबांकडे एकदा बघितलं. "नियम नियम आहे," ती म्हणाली. "तो आज तोफेला हात लावणार नाही. पण बंदी माणसाला आहे, तोफेला नाही. भोक साफ करून द्या, मी पुन्हा तपासते, मी भरते, मी उडवते."

रिकामी तोफ टेबलावर आली. शैलेंद्रला हात लावायची मनाई होती आणि मी तर त्या भोकाजवळ पुन्हा बोट नेणार नव्हते. बाबा उठले, चष्मा कपाळावर चढवला, तार मागून घेतली. दहा मिनिटं हळूहळू फिरवत त्यांनी भोक लख्ख केलं. राहिलेलं कुंकू त्यांनीच पुसलं.

बत्ती ग्लेनिसने दिली. दोन वर्षं घडवणारा शैलेंद्र पहिल्या बाराला दोरीच्या मागे, बाबांच्या खुर्चीशेजारी उभा होता. त्याला ते किती लागलं असेल ते मला माहीत आहे.

धडाम्! मफ असूनही माझी छाती हादरली. पांढरा धूर आमच्यावरून गेला. समोर पंचवीस मीटरवर लावलेल्या कागदाला मधल्या वर्तुळात, अगदी मधोमध, भोक पडलं होतं.

बाबा उठून उभे राहिले. छातीवर हात ठेवून कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मग शैलेंद्रकडे वळून म्हणाले, "बोअर सरळ आलाय रे. चांगलं केलंस."

शैलेंद्रने नुसत्याच भुवया वर केल्या. कानांवर मफ होते ना त्याच्या, ऐकू कुठून येणार!

बाबांनी दोन्ही हात वर केले, त्याचे मफ स्वतः काढले आणि पुन्हा म्हणाले.