बकेटवरचा आरोप

ज्या ठेकेदाराने माझ्या कामावर ठपका ठेवला, त्याला मी माफ केलेले नाही. तसे करण्याजोगे त्याच्या हातून अद्याप काही घडलेलेही नाही.

कुरकुंभजवळ माझे दुरुस्तीचे शेड आहे. पुलाच्या पायासाठी जमिनीत खोल भोक घेणाऱ्या यंत्राची लोखंडी बकेट माझ्याकडे येते. तिचे झिजलेले दात बदलणे, तळाचे झाकण सरळ करणे, बिजागरी घट्ट बसवणे, ही कामे मी या वयातही समोर उभा राहून करवून घेतो. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतले साइटवाले माझ्या शब्दावर येतात. तोच शब्द या गृहस्थाने मांडवगणच्या टपरीवर चारचौघांत मातीत घातला.

भीमेच्या काठी त्याचे एक भोक ढासळले होते. "आबांच्या वेल्डिंगनं वाट लावली," तो चहा घेत म्हणाला. "तळाचं झाकण मिटतच न्हाई. आन् आता आबा आपल्यालाच नोटीस धाडतील बघा." लोक हसले. त्याच आठवड्यात दोन बकेटी माझ्या फाटकापर्यंत येऊन माघारी गेल्या.

नोटीस मी धाडलीच. ज्याच्यावर आरोप आहे त्याला न ऐकता दिलेला निकाल मी मानत नाही. बकेट उभयतांसमक्ष तपासावी, असे लिहिले.

तपासणीत दात शाबूत निघाले. झाकणाच्या फटीत नखही जाईना.

"मग भोक काय आपोआप ढासळलं व्हय?"

"ढासळू कधीपासून लागले?"

"दसऱ्यापासनं."

"दुरुस्ती त्याआधीची. त्यानंतर याच बकेटने दोन भोके सुरळीत काढली, हे मान्य आहे?"

"व्हय, काढली."

बकेटमधून वरपासून खालपर्यंत एक नळी जाते. भरलेली बकेट वर ओढताना भोकातले पाणी तिच्यातून खाली उतरते. नळी तुंबली, तर बकेट पिचकारीच्या दट्ट्यासारखी ओढ घेते आणि भोकाच्या कडा आत येतात. मी नळीत तांब्याभर पाणी ओतले. ते तोंडाशीच उभे राहिले.

यंत्र चालवणारा मान खाली घालून म्हणाला, "खंडेनवमीला नारळ ठिवला व्हता तिथं. बराबर बसला."

"काढला कोणी?"

"देवाचा नारळ, आबा. कोन काढंल?"

कोणीच काढला नव्हता. दसऱ्याला काम पुन्हा सुरू झाले, आणि चिखलाने तो नारळ आत रेटला.

माझ्या घरी घट बसत नाहीत. दुसऱ्यांच्या देवाचा नारळ, म्हणूनच मी त्याला हात लावला नाही. ज्याने ठेवला त्यानेच सर्वांदेखत काढावा, असे बजावले. त्याने खालून सळई ठोकून तो बाहेर काढला. काळा पडला होता, वास मारत होता.

ठेकेदार हसला. "घ्या आबा, परसाद. मिटलं आता."

"मिटलेले नाही. आरोप टपरीवर केलात, मागेही तिथेच घ्या."

"चहा पिताना बोललेलं कोण मनावर घेतं?"

"बकेटी माघारी नेणाऱ्यांनी घेतले."

तो अजून टपरीवर बोललेला नाही. मध्यंतरी चिकट माती पाडण्यासाठी बकेट आपटून आपटून त्याच्या माणसांनी तिची बिजागरी खरोखरच वाकवली. आता ती माझ्या फाटकाबाहेर झाकण लोंबवत पडली आहे. दुरुस्तीस माझा नकार नाही. अट मी लेखी कळवली आहे. मांडवगणला जायला त्याच्याकडे गाडी आहे.