यादीबाहेरचा जोड

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका दवाखान्यात स्टोअरची कारकून होते. एका उन्हाळ्यात रबरी हातमोज्यांचा पुरवठा जवळजवळ थांबला. डॉक्टरांनी मला काम दिलं, वॉर्डावॉर्डात किती जोड आहेत, एकेक जोड किती वेळा धुऊन-उकळून पुन्हा वापरतात, ते रोज जाऊन लिहायचं.

संसर्गाच्या वॉर्डात यादीप्रमाणे सात जोड होते. मागच्या व्हरांड्यात ते दोरीवर वाळत असत. मी गेले तेव्हा भर दुपार होती, वारा अजिबात नव्हता. तरी ओल्या रबराची चिकटलेली बोटं उन्हाने एकेक करून सुटत होती, सावकाश सरळ होत होती. मोजले, तर आठ जोड.

दुसऱ्या दिवशीही आठच. आठव्याच्या अंगठ्यावर बारीक गोल ठिगळ होतं. तसं नेटकं ठिगळ एकच सिस्टर लावायची. घटसर्पाचे पेशंट सांभाळता सांभाळता ती स्वतःच त्यात गेली होती. तिचा जोड बाद म्हणून मीच यादीतून काढला होता.

तिसऱ्या दिवशी मी दाराआड थांबले. वॉर्डातली सफाईची मावशी आली, तिने तोच जोड चढवला आणि घाण चादरींची बादली उचलली.

"मावशी, हा जोड कुठला?"

"त्या गेलेल्या बाईंचा. जाळायला दिला व्हता, म्या ठिवला." ती जराही दचकली नाही. "डाक्टरला हायत, शिष्टरला हायत. माजा हात कुणी मोजलाय का?"

खरंच होतं. माझ्या तक्त्यात आया-मावश्यांसाठी रकानाच नव्हता.

"भीती नाही वाटत?"

"पयल्यांदा लई वाटली की. आत हात घातला, तर कुणीतरी हात धरल्यागत झालं. आता रोज धरत्यात बाई. घालून बगा."

तिने एक मोजा काढून दिला. मी घातला. आतली ऊब मावशीच्या हाताची, हे मला कळत होतं. पण मग माझी बोटं आवळली गेली. एकदाच, हलकेच. मी मोजा ओढून काढला.

त्याच दिवशी मी तक्त्यात आयांचा रकाना आखला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, आवळलेल्या बोटांचं सोडून. मग ऑपरेशनच्या कपाटातला एक चांगला जोड त्यांनी मावशीला दिला.

जुना जोड तिने स्वतःच मागच्या भट्टीत टाकला. जळक्या रबराचा वास वॉर्डभर पसरला. मावशी हात जोडून उभी होती. मी जवळ गेले नाही.